नमुन्यादाखल अंकिता

ही गोष्ट दोन हजार तेवीस सालातली. त्या वर्षी सांगलीत फेब्रुवारीतच ऊन तापायला लागलं होतं आणि माया होवाळला अठ्ठावन्न पुरी होऊन तीन महिने झाले होते. सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला ती लॅपटॉपपुढे बसून एका बटणाचा हिरवा रंग जरा मवाळ करावा का म्हणून बघत होती, तेव्हा साताऱ्याहून प्रशांतचा, तिच्याबरोबर एका वेबसाइटचं काम करणाऱ्या मुलाचा, फोन आला. त्यात नवल काही नव्हतं, तो रोजच यायचा. कामाचं बोलणं झालं, कुठला रकाना वर घ्यायचा, कुठला खाली, ते ठरलं. फोन ठेवायच्या वेळी मात्र प्रशांत घुटमळला. घसा खाकरून म्हणाला, "मावशी, एक विचारायचं होतं. कामाचं नाही. आई म्हणतीय, रविवारी सांगलीला येऊन जावं. अंकिताला बघायला. म्हणजे तुमची आणि काकांची हरकत नसेल तरच. मी वर्षभर रोज बघतोय तिला, आईनं अजून बघितलेलं नाही." मायाला आधी काही कळलंच नाही. मग कळलं, तसा तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला. ती म्हणाली, "बघते. काकांना विचारते," आणि फोन ठेवून दिला. अंकिता ही तिची मुलगी. ती जाऊन सतरा वर्षं होत आली होती.

पलीकडच्या खोलीत नाथाजी, तिचा नवरा, वर्तमानपत्र वाचत होता. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला माणूस. हाताला काम नसलं की तो बातम्यांखाली पेन्सिलीनं रेघा ओढत बसे. त्याला काय विचारायचं होतं? अंकिताला बघायला पाहुणे यायचं म्हणतात, हो म्हणू का? मायाला हसू येईल की काय असं वाटलं आणि त्याचीच भीती वाटली. ह्या घरात अंकिताचं नाव घेतलं जात नव्हतं. तसं कुणी ठरवलं नव्हतं. दोन हजार सहाच्या पावसाळ्यानंतर नाव आपोआप बंद झालं. टीव्हीवरच्या एखाद्या मालिकेत कुणी अंकिता निघाली, तर नाथाजी उठून बादली भरायला जाई, बादली भरलेली असली तरी. नातेवाईक आले की 'तुमची ती' म्हणत आणि घाईनं दुसऱ्या विषयावर जात. नाव वापरात नसलं की ते कसं होतं, हे मायाला चांगलं माहीत होतं. एकदा गॅसपाशी उभं राहून तिनं ते हळूच उच्चारून बघितलं होतं, तर ते दुसऱ्याच कुणाचं वाटलं होतं.

मग प्रशांत आला. आला म्हणजे फोनवर. दोघं एकमेकांना कधी भेटली नव्हती. मिरजेचे यल्लाप्पा सर, मूळचे जत भागातले निवृत्त शिक्षक, समाजासाठी वधूवर मंडळ चालवत. त्यांच्याकडे नोंदींच्या जाड वह्या होत्या, पानं तेलकट झालेली, फोटो टाचणीनं लावलेले. पत्रिका-बित्रिकेची भानगड त्यांच्या मंडळात नव्हती, जन्मवेळेचा रकानाच नव्हता. पण बाकीची माहिती एवढी होती की एक स्थळ शोधायला सरांना दुपार पुरत नसे. त्यांनी ठरवलं, सगळं इंटरनेटवर घ्यायचं. वेबसाइट दिसायला कशी असेल ते मायानं काढायचं आणि ती चालती करायची साताऱ्याच्या प्रशांत खरातनं. दिसणं हिचं, चालणं त्याचं. सरांनी दोघांचे नंबर एकमेकांना दिले आणि कानडी हेल काढत म्हणाले, "आता तुमचं तुम्ही जुळवून घ्या. मी मधे येणार नाही बघा."

स्थळाची माहिती दाखवणारी जी चौकट असते, तिला ती दोघं कार्ड म्हणत. पहिलं कार्ड काढायला बसली, तेव्हाच मायाची अडचण झाली. नमुन्याला कुणीतरी मुलगी हवी. बाकीचे लोक तिथं एक करडी सावली ठेवतात, खाली 'क ख ग' लिहितात, आणि पुढे जातात. मायाला ते जमेना. एकोणिसाव्या वर्षी ती मारुती रोडवरच्या एका फोटो स्टुडिओत कामाला लागली होती, रिटचिंगला. काचेखाली दिवा असायचा, त्यावर निगेटिव्ह ठेवायची आणि टोकदार पेन्सिलीनं देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं भरून काढायची. लग्नाच्या मुलींना उजळ करायचं. स्टुडिओचे मालक सयाजीमामा सांगत, गिऱ्हाइकासमोर मोकळी चौकट ठेवायची नाही, आत काहीतरी घालून मगच दाखवायची, माणसाला चौकट दिसत नाही, माणूस दिसतो. आणि सगळ्यात जास्त काम असायचं मेलेल्या माणसांचं. घरात चांगला फोटोच नसायचा. कुठल्याशा लग्नाच्या गर्दीतला एक चेहरा, नाहीतर गेल्यावर घाईनं काढलेला, डोळे मिटलेला. तो घेऊन लोक यायचे, म्हणायचे, डोळे उघडा, फेटा घाला, जरा हसू आणा. मायाचा हात त्यात बसला होता. मिटलेले डोळे ती असे उघडायची की बायका स्टुडिओतच रडायला लागत. एकदा कवठे महांकाळचं एक जोडपं सहा वर्षांच्या मुलाचा फोटो घेऊन आलं आणि म्हणालं, आज असता तर वीस वर्षांचा असता, तसा काढून द्या. सयाजीमामांना ते पटलं नाही, पण मायानं काढला. तेव्हा ती शिकली की कान फारसे बदलत नाहीत, दोन डोळ्यांमधलं अंतर तेवढंच राहतं, नाक मात्र माणसाला फसवतं. पुढे निगेटिव्ह संपल्या, स्टुडिओत संगणक आला, तिनं तोही शिकून घेतला, लग्नाचे अल्बम केले, फलक केले, आणि स्टुडिओ बंद पडल्यावर घरी बसून लोकांच्या वेबसाइटची पानं काढायला लागली.

तर त्या पहिल्या कार्डासाठी तिनं कपाटातला शाळेच्या ओळखपत्राचा फोटो काढला, चौथीतला, दोन वेण्यांचा. तो लॅपटॉपवर घेऊन ती त्याला वय चढवत गेली. एक दुपार लागली. हनुवटी नाथाजीची घेतली, मान आपल्या बहिणीची, कान तसेच ठेवले. सव्वीस वर्षांची अंकिता तयार झाली आणि माया बराच वेळ तिच्याकडे बघत बसली. रडू आलं नाही. उलट कामाची भूक लागावी तसं झालं. उंची पाच फूट तीन, कारण नाथाजीच्या बहिणी उंच होत्या. शिक्षण एम.एस्सी. रसायनशास्त्र, कारण पोर निळीच्या पाण्यात लिंबू पिळून रंग बदलतो का बघत बसायची. आवडी: वाचन, पोहणं. पोहायला तिला कधी पाठवलंच नव्हतं, भीतीपोटी, आता पाठवलं. पहिल्या आराखड्यात ती शाळेत शिकवत होती, दुसऱ्यात तिला औषधांच्या कारखान्यात नोकरी लागली. एकेक रकाना भरताना मायाला वाटे, हे सगळं आपण हिच्यापाशी बसून ठरवलंय.

पाच-सहा आठवड्यांनी प्रशांतनं सहज विचारलं होतं, "मावशी, ही नमुन्याची मुलगी कोण हो? आडनाव तुमचंच दिसतंय. घरची का?" माया म्हणाली, "माझी लेक." ह्यात खोटं एक अक्षरही नव्हतं. पुढे तो, ती काय करते, कुठं असते, असलं काही विचारेल आणि मग सांगून टाकू, असं तिच्या मनात होतं. पण त्यानं विचारलं नाही. त्याला विचारायचं कारणच नव्हतं, कार्डात सगळं होतं.

आणि मग ते सुरू झालं, ज्यासाठी ती रोज सकाळी अकराची वाट बघायला लागली. प्रशांतच्या तोंडी अंकिता बसली. "मावशी, अंकिता मोबाईलवर मावत नाही हो, बाजूनं कापली जातीय." "अंकिताला जरा वर घेतलंय, आता बघा." "आज गंमत झाली, अंकिता दोनदा येतीय. एक काढली की दुसरी पण जातीय." "अंकिता लवकर येईना, फोटो जड झालाय तिचा." एकदा तर सकाळी सकाळी, "मावशी, अंकिता दिसेनाशी झाली होती रात्रीपासून, सापडली आत्ता. घाबरलो होतो." माया म्हणाली, "कुठं गेली होती?" तो म्हणाला, "कुठं जातीय, तिथंच होती. मीच चुकीच्या जागी हाक मारत होतो." हे बोलणं तो अगदी कोरडेपणानं करायचा, जसं हे काम करणारी माणसं करतात. त्याला ठाऊक नव्हतं की फोनच्या दुसऱ्या टोकाला एक बाई पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळून ऐकतेय. दिवसातून दहा वेळा, वीस वेळा ते नाव कुणीतरी घ्यायचं, वैतागून, हसून, घाईत, जसं घरातल्या हिंडत्याफिरत्या पोरीचं घेतात. कधीकधी माया मुद्दाम काहीतरी चूक ठेवायची, ओळ थोडी लांब, फोटो थोडा मोठा. मग दुसऱ्या दिवशी फोन यायचाच, अंकिताचं असं असं होतंय म्हणून.

आता हे सगळं संपणार होतं. खरं सांगितलं तर संपणार, न सांगितलं तर रविवारी संपणार. दारात पाहुणे उभे राहतील, नाथाजी दार उघडेल, आणि कुणीतरी म्हणेल, मुलीला बोलवा. मंगळवारी तिनं फोन उचलला तोच मनाशी वाक्य जुळवून. प्रशांत म्हणाला, "मावशी, शोधायच्या पानावर—" आणि ती शोधायच्या पानाबद्दल बोलत राहिली. बुधवारी वाक्य घशापर्यंत आलं होतं, तेवढ्यात तो म्हणाला, "अंकिताला विचारलंत का हो तुम्ही? तिचं काय म्हणणं आहे?" बिचकत विचारलं, आवाज बारीक करून, आणि मायाला त्याचा चेहरा माहीत नसतानाही दिसला. ती म्हणाली, "प्रत्यक्ष बोलू." गुरुवारी तिनं नाथाजीला सांगितलं की साताऱ्याला कामाचं बोलायला जायचंय. तो म्हणाला, "फोनवर हुतंय की रोज," पण अडवलं नाही. पाण्याची बाटली भरून दिली.

एसटीत तिला खिडकी मिळाली. उसाच्या ट्रॉल्या पुढे चालल्या होत्या आणि गाडी त्यांच्या मागे रखडत होती. रखडली की बरं वाटे. दोन हजार सहाच्या ऑगस्टमधला तो दिवसही गुरुवारच होता. अंकिताला दोन दिवस ताप होता, डॉक्टर म्हणाले होते व्हायरल आहे, उतरेल. तिसऱ्या सकाळी स्टुडिओतून निरोप आला, एका म्हाताऱ्याच्या दहाव्याला मोठा फोटो हवाय, डोळे अर्धे मिटलेत, तुमच्याशिवाय होणार नाही. चार तासांचं काम. नाथाजीची दुपारची पाळी होती, तोवर तो घरी होता. अंकिता म्हणाली, "आई, जाताना पंखा बंद कर, थंडी वाजतीय." तिनं पंखा बंद केला, पोरीच्या पायावर चादर टाकली. स्टुडिओत काचेखालचा दिवा लावला आणि म्हाताऱ्याचे डोळे उघडायला बसली. डावा लवकर झाला, उजव्याला वेळ लागला, त्यात ती चमक येईना. ती चमक आली तेव्हा दोन वाजले होते, आणि दारात नाथाजीच्या वर्कशॉपमधला माणूस उभा होता, मोटारसायकल चालूच ठेवून. दवाखान्यात पोचली तेव्हा अंकिताचे डोळे मिटलेले होते. म्हाताऱ्याच्या घरच्यांनी नंतर स्टुडिओत पेढे आणून दिले होते, फोटो इतका जिवंत आला म्हणून. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. नाथाजीला माहीत होतं, पण त्यानं कधी काढलं नाही, आणि त्यानं काढलं असतं तर बरं झालं असतं असं तिला कितीदा वाटे. कऱ्हाडला गाडी थांबली. बाई भडंग विकत होती, मायानं पुडी घेतली आणि मांडीवर तशीच ठेवली.

साताऱ्यात, गोडोलीत, प्रशांतचं घर सापडायला वेळ लागला नाही. दार त्याच्या आईनं उघडलं. जाईबाई ठेंगणी, काटक, कोपरापर्यंत गोंदलेली. माया कोण हे कळलं तसा तिचा चेहरा उजळला. "जय भीम, जय भीम. आवं या की आत. उन्हाचं कशाला आलासा, आमीच येनार हुतो रविवारी. प्रशांत, ए प्रशांत, कोन आलंय बग." तो आतून आला. आवाजावरून मायानं त्याला उंच ठरवला होता, तो तिच्या खांद्याएवढाच होता. चौतिशीतच केस विरळ झालेले, अंगात घरातला बनियन, तो बघून ओशाळला आणि शर्ट घालायला परत आत गेला. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती, खाली टेबलावर संगणकाचे दोन पडदे, आणि त्यातल्या मोठ्या पडद्यावर अंकिता. माया स्वतःच्या घरी तिला बघायची ती तळहाताएवढी. इथं ती टेबलावर बसल्यासारखी दिसत होती. डाव्या कानामागं रंगवताना एक रेघ चुकून राहिली होती, ती इथं ठळक झाली होती.

"घर बघायला आलासा न्हवं?" जाईबाई म्हणाली. "बगा की. पोरीच्या आईनं बगूनच घ्यावं. दोन खोल्या हायत, भाड्याच्या. वडूजकडं दीड एकर हाय, कोरडवाहू, पाण्याचं काय खरं न्हाई. लपवायचं काय बी न्हाई आमच्यात." चहा टाकायला ती आत गेली, पण बोलणं चालूच होतं, मधल्या दारातून. "ह्यो घरातच काम करतो ना, त्येचंच लोकांना कळंना. स्थळवाले येत्यात, आन् इचारत्यात, पोरगा घरीच बसून असतो व्हय. म्या म्हंते, व्हय बाबा, घरात बसून समद्या गावाची लग्नं जुळवतोय, येक सवताचं सोडून." प्रशांत म्हणाला, "आई, बास की." "बास काय रं. खोटं हाय व्हय? फलटणचं येक आलं हुतं दिवाळीत, कोरेगावचं येक आलं. चांगल्या पोरी हुत्या. ह्यो म्हनला, थांब जरा. म्हनलं, कशापायी थांबायचं, चौतीस झाली तुला. तर म्हनतो कसा, सांगलीची येक हाय, लय शिकलेली हाय, आन् तिला गाव चालतंय." ती चहाचे कप घेऊन बाहेर आली. "गाव चालतंय म्हननारी पोरगी आजच्या दिवसात कोन देतंय सांगा मला."

मायाच्या हातातली भडंगाची पुडी चुरगळत होती. फलटणचं एक, कोरेगावचं एक. हे तिला माहीत नव्हतं. सबंध वाटभर तिनं स्वतःच्या दुःखाचा विचार केला होता, नाव बंद होईल त्याचा. ह्या माणसानं वर्षभरात काय सोडलं असेल हे तिच्या मनातही आलं नव्हतं. ती म्हणाली, "जाईबाई, अंकिता नाही."

"भाईर गेलीया व्हय, नोकरीला? असू द्या की."

"नाही. ती नाहीच. दोन हजार सहा साली गेली. दहा वर्षांची होती."

चहावर साय धरायला लागली होती. जाईबाईनं एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा पोराकडे. प्रशांत उभाच होता. त्याचा आवाज आला तो फोनवरच्यासारखाच, कामाचा. "मग हा फोटो?" "मी काढलेला आहे." "शिक्षण, नोकरी?" "मीच भरलं." मायाला कळलं की तो आता काय विचारणार, आणि तिनं मनातल्या मनात त्याला विनवलं की विचारू नकोस. "अपेक्षांमध्ये होतं," तो म्हणाला, "गाव चालेल. ते तरी तिचं... ते कुणी लिहिलं?" माया म्हणाली, "आधी मी 'शहरातील नोकरदार मुलगा हवा' असं लिहिलं होतं. तू म्हणालास, ओळ दुसरीकडे जातीय, मोबाईलवर बसत नाही, काहीतरी आखूड द्या. म्हणून ते लिहिलं. दोन शब्दांत बसत होतं." प्रशांतनं मान हलवली, जसा तो एखादी चूक सापडली की म्हणत असेल, बरोबर, इथंच होती. मग खुर्चीवर बसला आणि पडद्याकडे पाठ केली.

जाईबाईनं विचारलं, "काय झालं हुतं पोरीला?" माया म्हणाली, "ताप आला होता." "कुनी जवळ हुतं?" माया म्हणाली, "मी नव्हते." जाईबाईनं हात पुढे केला, मायाच्या मनगटावर ठेवला, राठ, गरम हात, आणि ठेवलेलाच राहू देऊन ती म्हणाली, "तुमचं लेकरू गेलं, त्येचं वंगाळच झालं. सोन्यासारखी दिसतीया. पन माझं जितं हाय ओ बाई. जित्या मानसाला असं कुनी फिरवतंय व्हय?" आवाज चढलेला नव्हता. मग तिनं हात काढून घेतला. "च्या घ्या. निवतोय." मायानं चहा घेतला. सगळा घेतला, सायीसकट, कारण कप भरलेला ठेवून उठायची तिची छाती झाली नाही.

प्रशांत तिला रस्त्यापर्यंत सोडायला आला. पोवई नाक्याकडे जाणारी रिक्षा थांबवली. ती बसल्यावर खाली वाकून म्हणाला, "मॅडम, मोकळं कार्ड लागेल मला. फोटो नसेल तेव्हा काय दाखवायचं ते. वर्षभर मागतोय मी, तुम्ही देतच नाही." मावशीची मॅडम झाली, ते त्याच्याही लक्षात आलं असावं, कारण त्यानं रिक्षावाल्याच्या पाठीवर उगाच थाप मारली. मायानं शुक्रवारी सकाळी ते कार्ड काढलं. करडी गोल सावली, डोकं आणि खांदे, खाली रकान्यांच्या जागी आडव्या रेघा. अर्धा तास लागला. पाठवलं. 'मिळालं' एवढंच उत्तर आलं. मग तिनं स्वतःच्या लॅपटॉपवरची अंकिता पुसली, सगळ्या आराखड्यांतली, मूळ चित्रासकट, एकही प्रत न ठेवता. त्या वेळी तिला वाटलं, एवढं तरी आपण केलं पाहिजे. जे दुसऱ्याला भोगायला लावलं त्याचं निदान एवढं.

वेबसाइट त्या मे महिन्यात मिरजेच्या एका सभागृहात सुरू झाली. प्रशांत आला नाही, त्यानं साताऱ्यातूनच सुरू करून दिली. यल्लाप्पा सरांनी भाषणात सांगितलं की दोन गावांतल्या दोन माणसांनी एकमेकांचं तोंड न बघता हे काम उभं केलं, जुळणं म्हणतात ते हे. सरांना आजही काही माहीत नाही. त्यांच्या वेबसाइटवरून पुढच्या दोन वर्षांत बरीच लग्नं जमली, वह्या त्यांनी पोत्यात बांधून माळ्यावर टाकल्या.

प्रशांत दुसऱ्या वर्षी पुण्याला गेला, एका कंपनीत लागला. फलटणच्या मुलीचं लग्न झालं होतं, कोरेगावच्या मुलीचंही. त्याचं झालेलं नाही. त्याचं स्वतःचं कार्ड अजून वेबसाइटवर आहे, फोटोऐवजी करडी सावली असलेलं, आणि अपेक्षांचा रकाना त्यानं भरलेला नाही. जाईबाई साताऱ्याची खोली सोडून वडूजकडे गावी गेली. चार शेरडं पाळली आहेत. पोरगा महिन्यातून एकदा येतो, ती त्याला लग्नाचं विचारत नाही.

माया सांगलीतच आहे. डिझाइनची कामं तिनं सोडली. अकराच्या सुमाराला तिला अजून अस्वस्थ होतं, मग ती काहीतरी निवडायला घेते, शेंगा नाहीतर मेथी. नाथाजीला तिनं सगळं सांगितलं ते जूनमध्ये, जेवताना, मान वर न करता. त्यानं ऐकून घेतलं. ताटातला घास तसाच ठेवून विचारलं, "फोटू हाय का?" ती म्हणाली, "पुसला." त्यानं ताट बाजूला सारलं. "मला दाखवायचास तरी," म्हणाला, आणि पुढे पंधरा-वीस दिवस त्यानं त्यावर काही काढलं नाही. मग एका सकाळी आपण होऊन म्हणाला, "परत काढ की एकदा."

ती बसली. तोच चौथीतला फोटो, तीच हनुवटी, तेच कान. पण पहिल्यांदा जी एका दुपारी झाली होती ती आठ दिवसांत होईना. कधी ती मायाच्या बहिणीसारखी व्हायची, कधी नुसतीच कुणीतरी चांगल्या घरातली मुलगी. नवव्या दिवशी जी जमली, ती मायाला बऱ्यापैकी जवळची वाटली. तिनं नाथाजीला हाक मारली. तो चष्मा पुसत आला, खुर्चीच्या पाठीला धरून वाकला आणि खूप वेळ बघत राहिला. मग सरळ झाला.

"ही न्हवं," तो म्हणाला.

"का?"

"केस बारीक हायत तिचं, मानेपतोर. आन् तिला चष्मा हाय."

एवढं बोलून तो बाहेर गेला. बादलीत पाणी पडल्याचा आवाज यायला लागला. चौथीतल्या फोटोत पोरीला चष्मा नव्हता. आता कधीपासून आहे, ते मायानं विचारलं नाही.